पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग : आधी नमुना ओळखा, मग सुटा भाग निवडा

शस्त्रागारातील सुट्या भागांच्या मागणीपत्रात '९ मि.मी. पिस्तुलाची रिकॉइल स्प्रिंग, नग दहा' एवढी एक ओळ लिहिली की काम संपले, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या ओळीने फारच थोडे सांगितलेले असते. '९ मि.मी.' हे काडतुसाच्या व्यासाचे माप आहे, पिस्तुलाचे नाव नव्हे. एकाच व्यासाची पिस्तुले अनेक कारखान्यांनी बनविली आहेत. एका कारखान्याच्या एकाच पिस्तुलाच्याही वेळोवेळी सुधारून काढलेल्या निरनिराळ्या आवृत्त्या आहेत. बाहेरून पाहता त्या सख्ख्या भावंडांसारख्या दिसतात. आत मात्र कोठे स्लाइड आखूड असते, कोठे मार्गदर्शक दांडी जाड असते, तर कोठे एका स्प्रिंगच्या जागी दोन असतात.

स्प्रिंग ही वस्तूच अशी की, चुकीची असली तरी ती बहुधा जागेवर बसते. हात मागे ओढला की स्लाइड मागे जाते, सोडला की पुढे येते, आणि तपासणाऱ्याचे समाधान होते. दोष उघडा पडतो तो गोळीबाराच्या वेळी. रात्रीच्या वेळी पत्रादेवीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या पिस्तुलातून पहिली गोळी सुटली आणि दुसरी चेंबरमध्ये पुरती चढलीच नाही, तर मागणीपत्रातील त्या अपुऱ्या ओळीची किंमत त्या शिपायाला मोजावी लागेल. म्हणून हा विषय आर्मररने जितका जाणला पाहिजे, तितकाच ठाणे अंमलदाराने आणि भांडार सांभाळणाऱ्या कारकुनानेही जाणला पाहिजे.

स्प्रिंग काय करते?

गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग उलट दिशेने स्लाइडला मिळतो. स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, हॅमर किंवा स्ट्रायकर ताणला जातो. या मागे जाण्यात रिकॉइल स्प्रिंग दाबली जाते. मग तीच साठविलेली शक्ती परत देऊन स्लाइडला पुढे ढकलते. पुढे जाताना स्लाइड मॅगझिनमधील नवे काडतूस उचलून चेंबरमध्ये सारते आणि बंद होते. अशा रीतीने मागे येणाऱ्या स्लाइडचा वेग आवरणे आणि तिला पुरेशा जोराने पुढे नेणे ही दोन कामे एकाच तारेच्या वेटोळ्यांवर सोपविलेली असतात. पहिल्या कामासाठी स्प्रिंग कडक हवी, पण ती इतकी कडक नको की स्लाइड पूर्ण मागे जाणारच नाही. या दोन टोकांमधला समतोल प्रत्येक नमुन्यासाठी कारखान्याने प्रयोगांती ठरविलेला असतो.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. साडेसात ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने निघाली, तर तिचा संवेग सुमारे २.६ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. मागे जाणाऱ्या भागांचे वजन अर्धा किलोग्रॅम धरले, तर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे ५.२ मीटर आणि गतिज ऊर्जा सुमारे ७ जूल येते. आता त्याच पिस्तुलाची आखूड आवृत्ती घ्या. गोळीचा वेग तोच धरू, परंतु मागे जाणारे भाग ४०० ग्रॅमचेच आहेत. संवेग तोच राहिल्यामुळे वेग सेकंदाला साडेसहा मीटरवर जातो आणि ऊर्जा साडेआठ जूलच्या घरात पोहोचते. काडतूस एकच, कारखाना एकच, पण स्प्रिंगपुढील काम जवळजवळ पाव पटीने वाढले. त्यातच आखूड स्लाइडला मागे जाण्यास अंतरही कमी मिळते. 'पिस्तूल लहान, म्हणून स्प्रिंग हलकी' हा स्वाभाविक वाटणारा तर्क म्हणूनच नेमका उलटा आहे. एकाच काडतुसाच्या दोन आवृत्त्यांत लहान पिस्तुलाला सहसा अधिक जोराची स्प्रिंग लागते.

'पौंड' या आकड्याचा खरा अर्थ

स्प्रिंगच्या वेष्टनावर १६, १७, १८ असे पौंडांचे आकडे छापलेले असतात. हा आकडा स्प्रिंगचा उपजत गुण आहे असे मानणे ही मोठी चूक होय. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंग ज्या लांबीपर्यंत दबते, त्या लांबीवर ती किती जोर लावते, हे तो आकडा सांगतो. ती लांबी प्रत्येक नमुन्यात वेगळी असते. म्हणून एका पिस्तुलासाठी १७ पौंडांची असलेली स्प्रिंग दुसऱ्या पिस्तुलात बसविली, तर ती तेथे १४ पौंडांची ठरेल किंवा २२ पौंडांचीही. पौंडाचा आकडा नेहमी पिस्तुलाच्या नावासह वाचावा, एरवी तो निरर्थक आहे.

नुसत्या डोळ्यांनीही स्प्रिंगची पारख होत नाही. स्प्रिंगची कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. एक मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी १.१ मिलिमीटर जाडीची तार घेतली, तर बाकी सर्व मापे तीच ठेवूनही स्प्रिंग सुमारे ४६ टक्के अधिक कडक होते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हा फरक हाताला किंवा नजरेला जाणवत नाही. तो व्हर्नियर कॅलिपरलाच कळतो.

स्प्रिंग लांब वाटली म्हणून पक्कडीने तिची वेटोळी तोडणे, आणि दबलेली वाटली म्हणून ती ओढून लांब करणे, या दोन्ही प्रथा कटाक्षाने टाळाव्यात. तीस वेटोळ्यांपैकी तीन तोडली तर उरलेली स्प्रिंग प्रतिमिलिमीटर सुमारे ११ टक्के अधिक कडक होते, परंतु मुक्त लांबी घटल्याने बंद स्थितीतील तिचा जोर कमी होतो. म्हणजे स्लाइडला शेवटच्या टप्प्यात घट्ट मिटविण्याची शक्ती जेथे सर्वांत अधिक हवी, तेथेच ती उणी पडते. ओढून लांब केलेली स्प्रिंग थोड्याच गोळीबारानंतर पुन्हा बसते.

एक नाव, अनेक नमुने : चार उदाहरणे

भारतीय सैन्यदले व पोलीस दले यांच्या परिचयाचे '९ मि.मी. पिस्तूल ऑटो १ए' इच्छापूर येथील रायफल कारखान्याने बनविले. त्याचे मूळ बेल्जियममधील एफ.एन. कारखान्याच्या 'ब्राउनिंग हाय-पॉवर' या १९३५ सालच्या पिस्तुलात आहे. जॉन ब्राउनिंग यांनी आरंभिलेला हा आराखडा १९२६ साली त्यांच्या निधनानंतर द्यूदोने साइव्ह यांनी पूर्ण केला. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने तेच पिस्तूल बनविले आणि त्या कॅनेडियन नमुन्यावर आपले १ए आधारलेले आहे. ९ मि.मी. हाय-पॉवरसाठी कारखान्याची प्रमाण स्प्रिंग १७ पौंडांची, म्हणजे सुमारे ७.७ किलोग्रॅम जोराची मानली जाते. परंतु १९९०च्या दशकात याच पिस्तुलाची .४० व्यासाची आवृत्ती निघाली. काडतूस अधिक जोमदार असल्याने तिची स्लाइड जड केली गेली आणि स्प्रिंग २० पौंडांची, म्हणजे सुमारे ९.१ किलोग्रॅमची झाली. ही स्प्रिंग ९ मि.मी. पिस्तुलात घातली तर स्लाइड अपुरी मागे जाऊन पुंगळी अडकण्याचा संभव असतो. उलट १७ पौंडांची स्प्रिंग .४०च्या पिस्तुलात घातली तर स्लाइड सांगाड्यावर आदळत राहते. पुढे २०२२ साली एफ.एन.ने जवळजवळ त्याच नावाचे नवे पिस्तूल बाजारात आणले. त्याचा आंतरभाग निराळा असून जुन्या हाय-पॉवरचे भाग त्याला चालत नाहीत. केवळ नावावरून मागणी करणारा येथे हमखास फसेल.

दुसरे उदाहरण कोल्ट कंपनीच्या .४५ व्यासाच्या १९११ नमुन्याचे. पाच इंची नळीच्या पूर्ण मापाच्या पिस्तुलाला १६ पौंडांची स्प्रिंग लागते. सव्वाचार इंची नळीच्या 'कमांडर' आवृत्तीस १८ पौंडांची लागते. साडेतीन इंची 'ऑफिसर्स' आवृत्तीत तर एकात एक बसविलेल्या दोन स्प्रिंगा आहेत. पिस्तूल जसजसे आखूड, तसतसा जोर अधिक, हा वर सांगितलेला नियम येथे पायरीपायरीने दिसतो.

तिसरे उदाहरण ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाचे. देशातील अनेक विशेष पथकांत हे पिस्तूल रूढ झाले आहे. तिसऱ्या पिढीपर्यंतच्या ग्लॉक १७ मध्ये मार्गदर्शक दांडीवर एकच स्प्रिंग असते. २०१० साली आलेल्या चौथ्या पिढीत दुहेरी स्प्रिंगची जुळणी आली आणि तिच्यासाठी स्लाइडच्या पुढील टोकाचे छिद्र व सांगाड्याचा पुढचा भाग मोठा करण्यात आला. त्यामुळे चौथ्या पिढीची जुळणी तिसऱ्या पिढीत बसत नाही. तिसऱ्या पिढीची जुळणी चौथीत घालावयाची तर मध्ये वेगळी कडी लागते, आणि तसे करणे सरकारी शस्त्राच्या बाबतीत उचित नव्हे. विशेष लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, चौथ्या पिढीच्या आरंभीच्या जुळण्या २०११ साली खुद्द कारखान्यानेच बदलून दिल्या. मात्र २६ व २७ या लहान नमुन्यांना त्यांतून वगळले होते. अर्थात पिढी तीच, नमुना तोच, तरी आरंभीची स्प्रिंग व नंतरची स्प्रिंग यांत फरक आहे. जुळणीच्या टोकाच्या चकतीवरील आकडे वाचूनच तो ओळखता येतो.

चौथे उदाहरण कुलूपबंद रचना नसलेल्या लहान पिस्तुलांचे. वॉल्थर पी.पी. व पी.पी.के. यांसारख्या पिस्तुलांत स्प्रिंग नळीभोवतीच गुंडाळलेली असते. नळी व स्लाइड यांना परस्परांशी अडकविणारी योजना नसल्याने स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर यांवरच सर्व भार येतो. हीच पिस्तुले .३२ आणि .३८० अशा दोन व्यासांत मिळतात. .३८०लाच '९ मि.मी. शॉर्ट' असेही म्हणतात. मागणीपत्रात केवळ '९ मि.मी.' लिहिण्यातील धोका येथे दुहेरी होतो, कारण ९ × १९ आणि ९ × १७ ही दोन्ही काडतुसे त्या एका शब्दात सामावतात.

जुळणीचा क्रम

आर्मररने पुढील क्रम सोडू नये.

१. शस्त्र रिकामे करावे. मॅगझिन काढावे, स्लाइड मागे ओढून अडकवावी, चेंबर डोळ्यांनी पाहावे व बोटाने चाचपावे. नळी सुरक्षित दिशेस ठेवावी.

२. स्लाइड, नळी व सांगाडा यांवरील सर्व खुणा उतरवून घ्याव्यात. त्यात कारखाना, नमुना, आवृत्ती, काडतुसाचे पूर्ण नाव व क्रमांक यावेत. तिन्ही भागांवरील क्रमांक एक नसतील तर पिस्तूल पूर्वी कधीतरी जोडून तयार केलेले आहे असे समजावे आणि वरिष्ठांच्या नजरेस आणावे.

३. नळीची लांबी मोजावी. आखूड व पूर्ण मापाच्या आवृत्त्या ओळखण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

४. जुन्या स्प्रिंगची तारेची जाडी, बाहेरील व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि मुक्त लांबी ही चार मापे घ्यावीत. मुक्त लांबी मात्र केवळ नोंदीसाठी घ्यावी. वापरलेली स्प्रिंग आखूड झालेली असते, तेव्हा तिच्या लांबीशी नवी स्प्रिंग जुळविणे म्हणजे झिजलेल्या वजनाने धान्य मोजण्यासारखे आहे. जाडी, व्यास व वेटोळी ही तीन मापे सहसा बदलत नाहीत. जुळणी त्यांवरून व निर्मात्याच्या भागपत्रकावरून करावी.

५. जुनी स्प्रिंग मुळातच त्या पिस्तुलाची होती, हे गृहीत धरू नये. मागील दुरुस्तीत चुकीची बसविली गेली असेल, तर तिच्याबरहुकूम घेतलेली नवी स्प्रिंग ती चूक पुढे चालवील.

६. नवी स्प्रिंग बसविल्यावर स्लाइड सावकाश अगदी मागपर्यंत न्यावी. ती धातूवर धातू टेकून थांबली पाहिजे. तारेची वेटोळी एकमेकांस टेकून ती अलीकडेच थांबत असेल, तर स्प्रिंग त्या आवृत्तीची नव्हे.

७. मार्गदर्शक दांडी व स्प्रिंग एकत्रच मिळणारी जुळणी असेल तर ती अखंड बदलावी, उकलू नये.

८. शेवटी मैदानावर प्रत्यक्ष सेवेतील काडतुसांनी गोळीबार करून पाहावा. सरावाची हलकी काडतुसे वापरून दिलेला निर्वाळा ग्राह्य धरू नये.

ग्लॉकच्या बाबतीत आर्मरर एक साधी चाचणी करतात. रिकामे पिस्तूल नळी सुमारे ४५ अंश वर करून धरावे, स्लाइड मागे ओढून ट्रिगर दाबलेला ठेवावा आणि स्लाइड हाताने धरून हळूहळू पुढे सोडावी. ती आपल्या बळावर पूर्ण मिटली तर स्प्रिंग ठीक आहे. थोडी मागे रेंगाळली तर स्प्रिंग थकली आहे.

लक्षणे ओळखा

स्प्रिंग दुबळी असल्यास पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर पडतात, धक्का कठोर जाणवतो, स्लाइड पुरती मिटत नाही. दुर्लक्ष झाल्यास कालांतराने सांगाड्यास तडे जातात. स्प्रिंग अधिक कडक असल्यास पुंगळ्या पायाशी पडतात किंवा स्लाइडमध्ये उभ्या अडकतात, आणि मॅगझिन संपल्यावर स्लाइड मागे अडकून राहत नाही. परंतु हीच लक्षणे खराब मॅगझिन, मळलेले चेंबर, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा नेमबाजाचे सैल मनगट यांमुळेही दिसू शकतात. म्हणून प्रथम पिस्तूल स्वच्छ करावे, मग मॅगझिन बदलून पाहावे आणि त्यानंतरच स्प्रिंगकडे वळावे. अडथळा दूर करण्यासाठी निराळ्या जोराची स्प्रिंग घालणे हा उपाय नव्हे. त्याने मूळ दोष झाकला जातो.

पेडणे व डिचोलीसाठी विशेष काळजी

वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्यात गंज हा स्प्रिंगचा पहिला शत्रू आहे. पेडणे तालुका उत्तरेस तेरेखोल आणि दक्षिणेस शापोरा या नद्यांच्या मध्ये, समुद्राला लागून वसलेला आहे. केरी, हरमल, मांद्रे, मोर्जी या किनाऱ्यांवरील बंदोबस्तात खारा वारा आणि अंगाचा घाम दोन्ही शस्त्राला लागतात. स्प्रिंगच्या तारेवर गंजाचा सुईच्या टोकाएवढा खळगा पडला, तरी दर आघाताबरोबर ताण तेथे एकवटतो आणि तार तेथेच तुटते. म्हणून किनाऱ्यावरील कामगिरीहून परतल्यावर पिस्तूल त्याच दिवशी उकलून पुसावे. चामड्याच्या म्यानात ते ठेवून देऊ नये, कारण चामडे ओल धरून ठेवते.

डिचोली तालुक्याची गोष्ट निराळी. खनिज वाहतुकीच्या मार्गांवर उडणारी तांबडी धूळ लोहयुक्त व कठीण असते. ती तेलात मिसळली की घासकामाच्या लेपासारखी होते व स्प्रिंग, दांडी आणि स्लाइडच्या खाचा खरवडते. तेथे कोरड्या दिवसांत तेलाचा अगदी पातळ हात पुरे. पावसाळ्यात मात्र तो वरचेवर द्यावा लागतो. एकाच जिल्ह्यातील दोन तालुक्यांत एकच वेळापत्रक लावून चालणार नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

स्लाइड मिटवून दीर्घकाळ ठेवलेल्या पिस्तुलाची स्प्रिंग नुसत्या ठेवण्याने सहसा बिघडत नाही. तिला थकविते ते वारंवार दबणे-सुटणे आणि गंज. तरीही स्लाइड मागे अडकवून पिस्तूल साठवू नये. निवडणूक काळात ठाण्यात जमा होणाऱ्या परवान्याच्या शस्त्रांनाही हाच नियम लावावा. शस्त्रांची दुरुस्ती हा शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याचा विषय आहे, याची आठवण परवानाधारकांस जरूर करून द्यावी. ओळखीच्या लेथवाल्याकडून स्प्रिंग वळवून घेणे कायद्याच्या दृष्टीने गैर आहेच, शिवाय जिवावरचे आहे. तारेचा पोलाद, तिचे तापसंस्कार आणि तिची जाडी या तिन्हींची खात्री तेथे कोणी देऊ शकत नाही.

नोंदवही

प्रत्येक पिस्तुलाच्या इतिहासपत्रकात स्प्रिंग बदलल्याची तारीख, भागाचा क्रमांक, पुरवठादाराच्या खेपेची खूण आणि त्यानंतर झाडलेल्या गोळ्यांची संख्या लिहावी. वर्षे मोजून स्प्रिंगचे वय कळत नाही, ते गोळ्यांवरून कळते. सराव शाळेचे पिस्तूल एका वर्षात जितके झिजते, तितके एखाद्या ठाण्याचे पिस्तूल दहा वर्षांतही झिजणार नाही. काढलेली जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगांच्या पेटीत चुकूनही परत जाऊ नये. ती तोडून नष्ट करावी व तशी नोंद घ्यावी. निरनिराळ्या आवृत्त्यांच्या स्प्रिंगा एकाच डब्यात ठेवू नयेत. एकदा वेष्टनातून निघाल्यावर त्या परस्परांपासून वेगळ्या ओळखणे जवळजवळ अशक्य असते.

आता आरंभीची ती ओळ पुन्हा कशी लिहावी? 'पिस्तूल ऑटो ९ मि.मी. १ए, काडतूस ९ × १९, रिकॉइल स्प्रिंग, भाग क्रमांक अमुक, नग दहा. पिस्तुलांचे क्रमांक सोबतच्या यादीत.' एवढे लिहावयास दोन मिनिटे अधिक लागतील. भांडारातून येणारी वस्तू त्यामुळे योग्य येईल, आणि ज्या शिपायाच्या कमरेला ते शस्त्र आहे त्याला दुसऱ्या गोळीची चिंता करावी लागणार नाही.

उजळणीसाठी प्रश्न

१. एकाच काडतुसाच्या आखूड पिस्तुलास सहसा अधिक जोराची स्प्रिंग का लागते?

२. स्प्रिंगवरील पौंडाचा आकडा पिस्तुलाच्या नावाशिवाय निरर्थक का ठरतो?

३. जुन्या स्प्रिंगची मुक्त लांबी जुळणीचा आधार म्हणून का घेऊ नये?

४. आपल्या ठाण्यातील पिस्तुलांच्या खुणा वाचून त्यांची आवृत्तीनिहाय यादी तयार करा व ती इतिहासपत्रकांशी ताडून पाहा.